प्रश्न एक, बरोबर उत्तरं चार!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पॉप गाण्यांच्या चार्टचं, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवार यादीचं, कोडं येतं ना, त्याबद्दल लिहितोय. ते बंद करा असं अजिबात म्हणायचं नाहीये. उलट रविवारी सकाळी आम्ही मंडळी मिसळीला जमतो तेव्हा पेपरातलं तेच पान आधी ओढलं जातं, राशिभविष्य आणि बाकीचं नंतर. पण गेल्या वेळचा प्रश्न बघा. "अमेरिकेच्या चार्टवर १६ आठवडे नंबर वन राहिलेलं गाणं कोणतं?" आणि खाली उलट्या अक्षरात उत्तर, 'डेस्पासितो', २०१७.

आता हे उत्तर चूक नाहीये, 'डेस्पासितो' १६ आठवडे होतंच. पण आमच्यातला एक जण नव्वदच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांचा पक्का, तो लगेच म्हणाला अरे मग मराया कॅरी आणि बॉइज टू मेनचं 'वन स्वीट डे' कुठे गेलं, १९९५-९६ मध्ये तेही १६ आठवडे, आणि 'डेस्पासितो'ने तर त्याच रेकॉर्डची बरोबरी केली म्हणून एवढा गाजावाजा झाला. तेवढ्यात एकाची कॉलेजातली मुलगी सोबत आली होती, ती म्हणाली काका २०२३ चं मॉर्गन वॉलनचं 'लास्ट नाइट' पण १६, मधे मधे खाली उतरलं पण बेरीज १६च. मी म्हटलं रेडिओची यादी धरली तर नो डाउट बँडचं 'डोन्ट स्पीक' पण १६. पाव दोनदा मागवून झाले, रस्सा गार झाला, तरी कोणी माघार घेईना. आणि गंमत म्हणजे चारही उत्तरं बरोबर होती.

साहेब, यात कोडं बनवणाऱ्याच्या माहितीचा दोष नाहीये हो, प्रश्नच अर्धा होता. कुठला चार्ट, सलग आठवडे की एकूण, कुठल्या साली, काहीच नाही. आपल्याकडे लासलगावचा कांद्याचा भाव सुद्धा नुसता एक आकडा देऊन छापत नाहीत, किमान, कमाल, सरासरी असं तिन्ही देतात, मग गाण्याचा नंबर कसा मोजला ते एका ओळीत सांगायला काय हरकत आहे?

कारण खरी मजा मोजण्यातच आहे. ते 'डोन्ट स्पीक'चंच घ्या. १९९६-९७ मध्ये अमेरिकेत रेडिओवर सगळ्यात जास्त वाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत ते १६ आठवडे वर बसलं होतं, पण बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाची जी मुख्य यादी, हॉट १००, त्यात ते शंभराव्या नंबरवर सुद्धा आलं नाही! का? तर तेव्हा नियम होता की गाणं सिंगल म्हणून दुकानात सुटं विकायला असलं पाहिजे, नाहीतर यादीत घेणार नाही, आणि कंपन्या मुद्दाम सिंगल काढत नव्हत्या, म्हणजे एका गाण्यासाठी लोकांनी अख्खी सीडी घ्यावी. हा नियम डिसेंबर १९९८ मध्ये गेला. गू गू डॉल्सचं 'आयरिस' त्या वेळी रेडिओवर १८ आठवडे पहिलं राहून झालं होतं, नियम बदलून मुख्य यादीत येईपर्यंत गाण्याचा जोर ओसरला, ते नवव्या नंबरपर्यंतच पोचलं. आता तुम्ही "आयरिसचा सर्वोच्च क्रमांक कोणता" असं विचारलंत तर मुलं मोबाईल काढून दहा सेकंदात नऊ सांगतील आणि विसरून जातील. "रेडिओवर १८ आठवडे पहिलं असलेलं गाणं मुख्य यादीत नवव्याच्या वर का गेलं नाही" असं विचारलंत तर डोकं चालवावं लागेल की नाही?

तसंच बीटल्सचं. ४ एप्रिल १९६४ च्या हॉट १०० मध्ये पहिली पाचही गाणी त्यांची, हे प्रत्येक क्विझमध्ये येतं आणि आम्हाला आता पाठ झालंय. पण पाच गाणी एकाच वेळी बाजारात आली कशी हे कोणी विचारत नाही. कॅपिटॉल कंपनीने आधी त्यांच्या रेकॉर्ड अमेरिकेत काढायला नकार दिला होता, म्हणून सुरुवातीची गाणी व्ही-जे, स्वान अशा छोट्या कंपन्यांकडे गेली, नंतर हे पोरं एकदम फेमस झाले आणि ज्याच्याकडे जे गाणं होतं त्याने ते त्याच वेळी जोरात विकायला काढलं. आज टेलर स्विफ्टची २०२२ मध्ये पहिली दहाच्या दहा गाणी आली ती वेगळ्याच कारणाने, आता लोक अल्बम आला की फोनवर सगळाच ऐकतात आणि प्रत्येक गाण्याचं ऐकणं वेगळं मोजलं जातं. म्हणून "बीटल्स मोठे की टेलर" हा वाद माझ्या मते फालतू आहे, दोघांची मोजपट्टीच वेगळी.

इंग्लंडची पहिली यादी तर फारच मजेशीर. १४ नोव्हेंबर १९५२ ला न्यू म्युझिकल एक्सप्रेस या पेपरने छापली, त्यांच्या माणसाने वीसेक दुकानांना फोन फिरवून काय खपलं ते विचारलं आणि बेरीज केली, बस्स. नाव होतं टॉप १२ आणि गाणी होती १५! बरोबरीत आलेल्यांना एकच नंबर दिला म्हणून. हा प्रश्न घाला की, लहान पोरं पण विचार करतील, बारात पंधरा कसे बसले?

आणि आता माझा मुख्य मुद्दा, त्यासाठीच एवढं लिहिलं. त्यानंतर १९ दिवसांनी, ३ डिसेंबर १९५२, बुधवारी, रेडिओ सिलोनवर (आजची श्रीलंका) हिंदी फिल्मी गाण्यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. गाणी नंबरवारी लावणं नंतर आलं, पण कार्यक्रमाच्या बाबतीत आपण साहेबाच्या मागे तीन आठवडे सुद्धा नव्हतो, आणि तुमच्या कोड्यात मला आजवर गीतमालेचे निवेदक अमीन सायानींचं नाव दिसलेलं नाही. अहो ज्या घरात इंग्रजी गाण्याचा गंध नव्हता तिथे पण "इस पायदान पर", म्हणजे या नंबरवर, हे त्यांचे शब्द माहीत होते. सिलोनवरून का, तर तेव्हा केसकर केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री होते, पुण्याचे आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आणि त्यांच्या काळात ऑल इंडिया रेडिओवर फिल्मी गाण्यांवर जवळपास संक्रांत आली होती. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी बरंच केलं हे मान्य, पण लोकांनी सुई सिलोनकडे वळवली ती वळवलीच. १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली ती उगाच नाही.

गीतमालेचं मोजणंही बघा. नुसता रेकॉर्डचा खप धरला असता तर प्रॉब्लेम असा की गाणं तुफान चाललं आणि दुकानात रेकॉर्डच संपली तर त्या आठवड्यात खप शून्य, म्हणजे सगळ्यात हिट गाणं खाली जाणार. म्हणून दुकानदारांकडून खप विचारायचा आणि त्याच्या जोडीला श्रोत्यांची पत्रं आणि श्रोता संघांची मतं पण धरायची. हे १९५० च्या दशकात! अमेरिकेत अल्बमच्या यादीसाठी दुकानदार फोनवर सांगेल तो खप खरा मानायचे ते १९९१ पर्यंत चालू होतं, मग बारकोडवरून मोजायला लागले आणि एकदम रॅप आणि कंट्रीचे अल्बम वर आले, म्हणजे विकले आधीही जात होते, सांगताना गळत होते.

आणि १९५३ ची गीतमालेची वार्षिक यादी, त्यात पहिलं गाणं 'अनारकली'मधलं 'ये ज़िंदगी उसी की है', आवाज लताबाईंचा आणि संगीत सी. रामचंद्रांचं. ते जन्मले कुठे? पुणतांब्याला! मनमाडहून दौंडच्या गाडीत बसलं की येवला, कोपरगाव गेलं की आलंच. गीतमालेच्या त्या वार्षिक यादीतलं पहिलं गाणं आपल्या शेजारच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने बांधलं, आणि नाशिकच्या पेपरात प्रश्न येतो डेस्पासितोचा. डेस्पासितो पण येऊ दे हो, मला आवडतं, गणपतीत आमच्या कॉलनीत त्यावर नाचून झालंय. पण अधूनमधून पुणतांबा पण येऊ दे.

तर विनंती अशी. प्रश्नाखाली चार्टचं नाव आणि साल टाका. उत्तरासोबत दोन ओळी कारण टाका, जागा नसेल तर गायकाचा फोटो छापता तो बारीक करा. दर महिन्यातून एखादा रविवार गीतमालेला द्या, जुन्या श्रोत्यांनी वह्यांमध्ये दर बुधवारच्या याद्या उतरवून ठेवलेल्या असतात, नाशकात पण अशा वह्या नक्की असतील, पंचवटीत नाहीतर नाशिकरोडला कुणाच्या तरी माळ्यावर. आवाहन केलंत तर लोक आणून दाखवतील, आणि मग तुम्हाला गुगलवर न मिळणारे प्रश्न फुकटात मिळतील.

पुढच्या रविवारसाठी एक प्रश्न माझ्याकडून, चालला तर छापा. २०१२ मध्ये 'गंगनम स्टाइल' यूट्यूबवर सगळं जग बघत होतं, डिसेंबरमध्ये १०० कोटी व्ह्यूज पार करणारा तो पहिला व्हिडिओ, तरी हॉट १०० मध्ये ते सात आठवडे दुसऱ्या नंबरवर अडकलं आणि पहिलं झालंच नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत 'हार्लेम शेक' मात्र यादीत आलं तेच पहिल्या नंबरवर. मधल्या काळात काय बदललं? उत्तर वेगळ्या पाकिटात पाठवतोय, कोडं बनवणाऱ्यांनी आधी स्वतः सोडवून बघावं.

आपला,
रविवारच्या पुरवणीचा एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक