रविवारच्या फोनबद्दल

लष्कर, ग्वाल्हेर
२३ मे

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी साइटवरच्या उन्हाचं सांगायला लागलो आणि तू फोन आपटलास, तेव्हा आई म्हणाली, "आता काही दिवस गप्प बसा." बसलो. आज दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला आणि राहवेना.

तुझं बरोबर आहे. साइट तुझी, माणसं तुझी, तू इंजिनियर आणि मी रिटायर्ड लाइनमन. तरी विचारतो, पाणी पितेस ना? साइटवर पाण्याचा ड्रम भरलेला असतो, हे तू सांगितलंस. मी ते विचारत नव्हतो. असो.

स्लॅबवर ओकला तो दाहोदचा पोरगा. तू त्याला सावलीत बसवलंस, लिंबूपाणी दिलंस, छान केलंस. पण त्याचा कामाचा दुसराच दिवस होता, हे माझ्या डोक्यातून जात नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी देऊ नये गं. काम रोज थोडं वाढवावं. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. सुट्टीवरून आलेल्याचंही तेच. तूसुद्धा नंदूच्या लग्नात दहा दिवस कूलरपुढे काढून गेली आहेस.

हे मला १९९८ साली कुणी सांगितलं नव्हतं. मुरैना रोडला केबलचा चर खणत होतो. खोदाईवर एक नवा पोरगा, तिसरा दिवस. अडीचच्या सुमारास तो फावडं उलटं धरून दांड्याने माती उकरायला लागला. सगळे हसले. मीही हसलो. नाव विचारलं तर गावाचं नाव सांगितलं. मी म्हणालो, चढवून आलाय. अंगाला घाम होता ना! लू लागली, म्हणजे ऊन बाधलं, की अंग कोरडं पडतं, एवढंच आजीकडून ऐकलेलं. राबणाऱ्याचं तसं नसतं. घामाने निथळत असतानाही आतला ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेला असू शकतो. माणूस बरळायला लागला की ती नुसती घेरी नव्हे, तो उष्माघात. शेवटी म्हाताऱ्या मुकादमाने त्याच्या अंगावर घागर ओतली. पोरगा वाचला, पण कामावर परत आला नाही. मजुरी न्यायला त्याचा बाप आला आणि माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.

असं काही दिसलं तर एकाने १०८ लावायचा आणि बाकीच्यांनी गाडीची वाट बघत बसायचं नाही. कपडे काढून अंगभर पाणी, वारा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आणि तुमच्या बडोद्याची हवा पावसाच्या तोंडावर दमट होते, घाम वाळत नाही, सावलीतही अंग निवत नाही. झालं, भाषण झालंच. माफ कर.

खरं विचारायचं होतं ते आईने लिहावं असं मला वाटत होतं. ती म्हणते, तुम्हीच लिहा. साइटवर बायकांसाठी संडास आहे का? आमच्या चरावर बायका असायच्या, दिवसभर पाण्याला शिवायच्या नाहीत. मला वाटायचं, काटक आहेत. खरं कारण आईने सांगितलं, तेही लग्नाला वीस वर्षं झाल्यावर. रविवारी तू म्हणालीस, "घरी आल्यावर एकदम पाणी पिते, मधे वेळच नसतो." वेळच नसतो ना, मुक्ता? तहान लागायची वाट न बघता दर वीसेक मिनिटांनी पेलाभर तरी घ्यायचं असतं. संडास नसेल तर माग. बांधकाम मजुरांसाठीच्या कायद्यात पिण्याचं पाणी आणि संडास दोन्ही आहेत. स्वतःसाठी मागायला लाज वाटत असेल तर विटा वाहणाऱ्या बायकांसाठी माग.

साइटवर तुला सगळे मॅडम म्हणतात, हे मी इथे कितीजणांना सांगितलंय, ते आईला विचार.

पन्ह्याच्या गराची बरणी नंदूबरोबर पाठवतोय. मीठ जरा जास्त आहे, आईने मुद्दाम घातलंय. खिशात ठेवायला कांदाही दिलाय, तो मात्र केवळ तिच्या समाधानासाठी.

तुझा,
बाबा

ता. क. संडासाचं काय ते आईलाच फोनवर सांग. मी शेजारीच बसलेला असेन.