आई-बाबा, डिसेंबरचं येणं मे महिन्यावर गेलंय

ॲन आर्बर, 5 डिसेंबर 2023

ती. बाबा आणि आई यांस शि. सा. नमस्कार.

काल बाबांनी फोनवर विचारलं, "20 तारखेला मुंबईला गाडी पाठवू का?" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून लिहितोय. तिकिटं बदलली आहेत. आम्ही तिघेही आता मे महिन्यात येतोय. रागवा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

रविवारी इथल्या कॉलेज फुटबॉलची (अमेरिकन, हातात चेंडू धरून पळायचा तो) यादी लागली. नातवाच्या विद्यापीठाचा, मिशिगनचा, संघ पहिल्या क्रमांकावर आहे आणि 1 जानेवारीला कॅलिफोर्नियात, पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमवर, अलाबामाशी उपांत्य सामना आहे. संघ जाईल तिथं बँड जातो आणि बँडमध्ये ट्रम्पेट घेऊन तुमचा नातू. त्याचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. मागची दोन्ही वर्षं संघ याच पायरीवर हरला, आधी जॉर्जियाशी, मग टीसीयूशी (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) 51-45. दोन्ही वेळा पोरगं चार दिवस जेवलं नाही. मी एकट्यानं तरी तुमच्याकडे यावं, हे तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं.

बाबा, तुम्ही याला फुटबॉल मानत नाही हे माहीत आहे. "हातात धरून पळायचं तर मग पाय कशाला?" कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील तालमीच्या फुटबॉल सामन्याला तुमच्या खांद्यावर बसून वाढलेल्या मलाही पहिली दोन वर्षं काही कळलं नव्हतं. चार डावांत दहा यार्ड पुढं सरकायचं, एवढंच धरून बसलो. पण सामन्याआधी बोगद्यातून बँड धावत बाहेर येतो, ड्रम मेजर टोपी काढून मागं वाकत वाकत डोकं जमिनीला टेकवतो आणि लाखभर माणसं एका सुरात ओरडतात, तेव्हा पेठेतल्यासारखंच अंगावर येतं.

25 नोव्हेंबरचं सांगतो. समोर कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट, म्हणजे आपल्याकडं पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ समजा. तिसऱ्या सत्रात आमच्या झॅक झिंटरचा पाय मोडला. सगळं मैदान चिडीचूप. त्याला गाडीवरून नेलं आणि लगेच पुढच्याच डावात ब्लेक कोरम 22 यार्ड पळत सुटला तो थेट रेषेपलीकडे. तिथं त्यानं बोटांनी सहा आणि पाच दाखवलं. 65 हा झिंटरचा नंबर. शेजारची अनोळखी बाई माझ्या गळ्यात पडून रडली. 30-24 जिंकलो. गेल्या शनिवारी आयोवाला 26-0 हरवलं. तेरापैकी तेरा.

आणि बाबा, या कोरमच्या गुडघ्याचं गेल्या डिसेंबरमध्येच ऑपरेशन झालंय. यंदा तो पळत 24 वेळा रेषेपार गेला. तुमचं वय वेगळं, सांधा वेगळा, सगळं कबूल. पण त्यानं व्यायाम चुकवला नाही आणि तुम्ही चुकवताय. तायडीनं सांगितलंय मला.

तायडीवरून आठवलं. आयोवाच्या आधीच्या तीन सामन्यांत मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना बंदी होती. आठवडाभर सराव घ्यायचा, पण शनिवारी मैदानावर पाय ठेवायचा नाही. त्यांच्या जागी त्यांचा सहायक शेरॉन मूर उभा राहिला. पेन स्टेटला हरवल्यावर तो कॅमेऱ्यासमोर हुंदके देऊन रडला. ते बघताना मला तायडी दिसली. मी फोनवरून औषधं विचारतो, रिपोर्ट वाचतो आणि दवाखान्याच्या बाकावर रात्र काढते ती. तिला यातलं काही बोलून दाखवू नका, चिडेल.

आता नीट ऐका. यंदा केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीगला जायचं नाही. त्या दगडी पायऱ्या अजिबात नाहीत, "खालच्या पायरीवर बसतो" हेही नाही. वॉकर डॉक्टर सांगतील तेव्हाच सुटेल. स्कूटरची किल्ली तायडीकडे द्या. बाथरूममध्ये धरायला दांडी आणि जिन्याला दुसऱ्या बाजूनं कठडा बसवायला माणूस शुक्रवारी येईल, पैसे दिलेत, त्याच्याशी घासाघीस करू नका. आई, भाकरीला मावशींनाच उभं राहू दे. तुझ्या साखरेचा कागद मला फोटो काढून पाठव. मागच्या वेळचा आकडा तू बोटाखाली झाकला होतास.

संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवायला मी नसेन, हे मला फार लागलंय. त्यापेक्षा जास्त नको लिहायला.

बाबा, आंतरशालेय सामन्याला तुम्ही अर्धी रजा टाकून आला होतात. धो धो पाऊस. टचलाइनला एकटेच छत्री धरून उभे. मला चेंडूला पायही लावता आला नव्हता त्या दिवशी. पण दर दोन मिनिटांनी ती काळी छत्री आहे ना, हे मी बघत होतो.

सामना तुमच्याकडे 2 तारखेच्या पहाटे साडेतीनला सुरू होईल. जागायचं नाही. निकाल काहीही लागो, तुमच्या चहाच्या वेळेला फोन करतो.

तुमचा,
बाळू