चित्राची बातमी म्हणजे फक्त लिलाव का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पेपरात चित्रकलेबद्दल काही आलंय असं दिसलं की मी आधी तेच वाचते, पण बहुतेक वेळा ती बातमी लिलावाची निघते, चित्र किती कोटींना गेलं, आधीचा रेकॉर्ड कोणाचा होता, आणि खाली चित्राचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. मी चित्रकला शिकतेय आणि पुढे हेच करायचं ठरवलंय, म्हणून मनापासून लिहितेय, की ते चित्र झालं कसं हे कोणी का सांगत नाही?

व्हॅन गॉगचंच घ्या, कापलेला कान आणि गरिबी यापलीकडे त्याच्याबद्दल फार कोणी लिहीत नाही. पण त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं तेच 27व्या वर्षी, आणि सुरुवातीला मिले या फ्रेंच चित्रकाराची चित्रं बघून बघून काढायचा, बरं हे नवशिका होता तेव्हाच नाही तर 1889-90 मध्ये हॉस्पिटलमध्ये असतानाही पुन्हा मिलेकडेच गेला. कॉपी करणं कमीपणाचं असं ज्याला वाटतं त्याने हे वाचायला हवं. जपानी चित्रकार होकुसाईने तर सत्तरी ओलांडल्यावर लिहिलंय की सत्तरीच्या आधी काढलेलं काही दखल घेण्यासारखं नाही!

पण मला खरी प्रेरणा जॉर्जो मोरांदी या चित्रकाराकडून मिळते. इटलीतल्या बोलोन्यात राहिला, झोपायच्या खोलीतच स्टुडिओ, आणि वर्षानुवर्षं त्याच त्या बाटल्या, बरण्या, डबे. बघणाऱ्याला वाटतं यात काय आहे, पण जरा वेळ थांबलं की कळतं की तो बाटलीइतकीच दोन बाटल्यांमधली मोकळी जागा रंगवतोय, त्या जागेलाही आकार आहे, आणि एखादी बाटली जराशी सरकली तर सगळं चित्र बदलतं. हे कळल्यापासून मी स्केच करताना आधी वस्तूच्या आजूबाजूची जागा बघायला लागले. स्वतःचाच डावा हात काढायला घ्या, डोकं सांगतं बोटं लांब असतात, आणि समोर बघावं तर आपल्याकडे रोखलेलं बोट आखडून जवळजवळ गोल दिसतंय, मग डोक्याचं ऐकायचं की डोळ्यांचं? माझ्यासाठी कला म्हणजे डोळ्यांचं ऐकायला शिकणं. सुंदर दिसणं वगैरे नंतर, आणि नाही दिसलं तरी चालेल.

दुसरी केथे कोल्विट्झ, जर्मन चित्रकार आणि शिल्पकार. तिचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर 1914 मध्ये युद्धात मारला गेला, 18 वर्षांचा होता. त्याचं स्मारक करायला घेतलं ते 1932 मध्ये पुरं झालं. आधी मुलाचीही आकृती करायची होती, शेवटी ती राहिलीच नाही, फक्त गुडघ्यांवर बसलेले आईबाप, वेगवेगळे, एकमेकांकडे न बघणारे, आणि चेहरे तिचा आणि नवऱ्याचा. एवढी वर्षं ती काय काढायचं यापेक्षा काय काढून टाकायचं हे शोधत होती असं मला वाटतं, आणि म्हणूनच नुसते फोटो बघूनही माझ्या घशात आवंढा येतो. दुःखाचा चेहरा आणि दुःखाचं नाटक यातला फरक मला कोणत्याही लेक्चरपेक्षा त्या दोन आकृत्यांनी जास्त शिकवला.

तर विनंती अशी की आठवड्यातून एकदा तरी एकच चित्र मोठं छापा आणि ते कसं होत गेलं ते लिहा, आधीची रेखाटनं कशी होती, काय खोडलं, रंग कसा लावला. आमच्यासारख्या शिकणाऱ्यांना ते हवंय आणि न शिकणाऱ्यांनाही आवडेल याची मला खात्री आहे. आणि तेही जमत नसेल तर निदान प्रत्येक फोटोखाली माध्यम, साल आणि माप द्या. मापाचं मुद्दाम सांगतेय, कारण पेपरात भिंतभर चित्र आणि हातात मावणारं चित्र दोन्ही सारखीच दिसतात, आणि मोरांदीची चित्रं लहान आहेत हेच माहीत नसेल तर त्यांच्या किती जवळ जाऊन उभं राहावं लागतं हे कसं समजणार?

आपली,
चित्रकला शिकणारी एक वाचक