डॉक्टर मॅडम, आईच्या कानापुढे तुम्ही दोन बोटं ठेवलीत त्याबद्दल

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी वाईच्या काकूंची मुलगी. ज्यांना पहिल्यांदा आणलं तेव्हा तुमचा एक मजल्याचा जिना चढायला दोन्हीकडून धरावं लागलं होतं, त्या काकू. तुमच्याकडे रोज इतके पेशंट येतात, तुम्हाला आठवेल की नाही माहीत नाही, पण आमच्या घरात तुमचं नाव रोज निघतं. हे पत्र दोन-तीनदा लिहायला घेतलं आणि डोळे भरून आले म्हणून सोडलं, आज पूर्ण करतेच.

तुमच्याकडे यायच्या आधी दीड वर्ष आई सांगत होती की कानाच्या पुढे कटकट वाजतं, कान ठणकतो आणि उभं राहिलं की जमीन हलल्यासारखं वाटतं. एका मोठ्या हॉस्पिटलात तीन तास नंबर लावून बसलो तर तिथल्या डॉक्टरांनी आईकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही, मला विचारलं यांचं वय किती, मी म्हटलं ७१, तर म्हणाले मग तोल जायचाच आता. दुसऱ्यांनी कान बघितला, कान स्वच्छ आहे म्हणाले, ते खरंही होतं, पण मग ठणकतो कशाने ते काही सांगितलं नाही. तिसऱ्यांनी चक्करच्या गोळ्या दिल्या, त्या खाऊन आई दिवसभर पेंगायची आणि एका सकाळी मोरीच्या उंबऱ्याशी पडली. हाड मोडलं नाही हे नशीब, पण तेव्हापासून कृष्णेच्या घाटावर जाणं बंद झालं, ढोल्या गणपतीला रोज जाणारी बाई ओसरीच्या खांबाला धरून बसायला लागली. आणि कबूल करते, आम्ही घरचेसुद्धा म्हणायला लागलो होतो की आईला जरा जास्तच वाटतं. याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्याकडे आम्ही खरं तर कवळी टोचते म्हणून आलो होतो. मागच्या दाढा गेल्यापासून आई पुढच्याच दातांवर चावायची, जबडा पुढे काढून, आणि कवळी पाण्याच्या वाटीत पडून असायची. तुम्ही तोंड बघायच्या आधी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात आणि मला नाही, तिला विचारलंत, काकू तुम्हीच सांगा काय होतंय. ती बोलत होती तितका वेळ मध्ये एकदाही तोडलं नाहीत. मग दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवून म्हणालात, आता हळू तोंड उघडा. आणि म्हणालात, "लागलं काकू, माझ्या बोटालाही लागलं." मग तिचीच बोटं तिथे ठेवून तिलाही दाखवलंत. मॅडम, दीड वर्षात तिचं दुखणं दुसऱ्या कोणाच्या हाताला लागलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. परत येताना गाडीत ती रडली आणि म्हणाली, बघ, मी खोटं नव्हते सांगत.

जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो, त्यात एक छोटी गादी असते, ती जागची सरकली की तोंड उघडताना आवाज येतो आणि दुखणं कानात आल्यासारखं वाटतं, हे तुम्ही तिला हाताच्या मुठीवर करून दाखवलंत. जबड्याचे स्नायू आणि मानेचे स्नायू जोडीने चालतात, मान आखडली की डोकं नक्की कुठे आहे याची मेंदूला मिळणारी खबर बिघडू शकते, हेही सांगितलंत. पण त्याचबरोबर हे पण म्हणालात की तोल निव्वळ जबड्यामुळेच जातोय असं मी छातीठोकपणे नाही सांगणार, बीपी, डोळे, आतला कान, पाय सगळं बघून घ्या. स्वतःच्या फीपुरतं बोलून मोकळं होणं सोपं होतं, तुम्ही आमच्या फॅमिली डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिलीत, म्हणून कळलं की उभं राहिल्यावर आईचं बीपी उतरतं, आणि त्यांनी गोळी बदलली.

नंतर मी वाचलं की जपानमध्ये ६५ च्या पुढच्या लोकांचा अभ्यास झाला होता, २०१२ मध्ये छापून आला, १९ किंवा कमी दात उरलेत आणि कवळीही लावत नाहीत अशांमध्ये पडण्याचं प्रमाण २० किंवा जास्त दात असलेल्यांच्या जवळपास अडीचपट निघालं. याने कारण सिद्ध होत नाही हे समजतं मला, पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात डोकावून बघायला एवढं पुरेसं नाही का? दीड वर्षात एकानेही तिला विचारलं नव्हतं की जेवता कशा.

नवी कवळी, मानेचा शेक, ओट्याला धरून करायचे व्यायाम, ते सगळं इथे लिहीत बसत नाही. कटकट अजून थोडी आहे, पण ठणका गेलाय आणि भाकरी दुधात कुस्करावी लागत नाही. हुशार डॉक्टर पुष्कळ असतील, पण म्हाताऱ्या बाईचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐकून घेणारं माणूस भेटलं की घरातल्या सगळ्यांनाच धीर येतो. तुमची रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा आईला उठताना हात देते आणि ती नीट उभी राहीपर्यंत सोडत नाही, हे तुम्हीच शिकवलं असणार.

मागच्या संकष्टीला माझा दंड धरून आई घाटाच्या पाच पायऱ्या उतरली, सहावीला थांबली, म्हणाली बास, उरलेल्या पुढच्या वेळी.

पुढच्या महिन्यात दाखवायला आणतेय. तुमचा जिना ती कठड्याला धरून एकटी चढणार म्हणते, मी एक पायरी मागे असेन.

तुमची,
वाईच्या काकूंची मुलगी