वेग गेला म्हणजे पॉइंट गार्ड संपला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बास्केटबॉलमधला धावणारा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन चाल रचणारा खेळाडू) पस्तिशी ओलांडून संथ खेळणाऱ्या संघात गेला की त्याचे काही खरे नाही, अशा आशयाचा लेख आपल्या क्रीडा पानावर वाचला. मला तो अजिबात पटला नाही. मी नागपुरात कॉलेज संपेपर्यंत पॉइंट गार्ड खेळले, लग्नानंतर डॅलसजवळ आयर्विंगला आले. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला पॉइंट गार्ड जेसन किड याचे प्रकरण इथे राहून पाहिले आहे, म्हणून लिहिते.

फेब्रुवारी 2008 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने किडला न्यू जर्सी नेट्सकडून घेतले तेव्हा तो पस्तिशीला टेकला होता. बदल्यात तरुण, चपळ डेव्हिन हॅरिस गेला. इथले पुष्कळ प्रेक्षक चिडले, आणि त्यांच्या रागाला कारण होते. किडचे नाव झाले ते पळत्या खेळावर. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा उसळलेला चेंडू) स्वतः घ्यायचा, मान वर ठेवायची आणि कोणाला कळायच्या आत चेंडू पलीकडच्या बास्केटखाली पोहोचवायचा. याच खेळावर त्याने नेट्सना 2002 आणि 2003 मध्ये लागोपाठ अंतिम फेरीत नेले होते. डॅलसचा खेळ मात्र थांबून, संघाचा मुख्य खेळाडू डर्क नोविट्झकी याला हव्या त्या जागी चेंडू देण्याचा. त्यात प्रशिक्षक एव्हरी जॉन्सन बहुतेक चाली बाकावरून सांगायचे. सॅन अँटोनियोविरुद्धच्या एका अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या अर्ध्या मिनिटात किड बाकावर बसून होता. ते बघताना मला फार वाईट वाटले होते. प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत क्रिस पॉलच्या न्यू ऑर्लिन्सने डॅलसला 4-1 असे हरवले. आपल्या लेखकांनी निकाल दिला असता तो इथेच.

पुढे रिक कार्लाइल प्रशिक्षक झाले. सुरुवातीला चाली तेच सांगत. मग हळूहळू त्यांनी त्या किडवर सोपवल्या. माझ्या मते सगळे इथे फिरले. संघ संथच राहिला, पण कधी पळायचे आणि कधी थांबायचे हे आता किड ठरवू लागला. त्यानेही आपला वाटा उचलला. कारकिर्दीच्या पहिल्या हंगामात, 1994-95 मध्ये, त्याचे जेमतेम 27 टक्के थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) पडत होते. जिथे चेंडू नोविट्झकीकडे राहणार, तिथे लांब उभा राहून शॉट न मारणारा गार्ड अडगळच. किडने तो शॉट घोटला. 2009-10 मध्ये त्याचे 42 टक्क्यांहून अधिक थ्री-पॉइंटर पडले. चेंडू सोडून कोपऱ्यात उभे राहणे जन्मभर चेंडू हाताळलेल्या माणसाला किती जड जाते, हे पॉइंट गार्ड खेळलेल्यांना विचारा.

2011 मध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्ध पाच मिनिटे उरली असताना डॅलस 15 गुणांनी मागे होते. सामना जादा वेळेत गेला आणि बरोबरी मोडणारा थ्री-पॉइंटर 38 वर्षांच्या किडने मारला. पुढे मायामी हीटला 4-2 असे हरवून डॅलसने विजेतेपद मिळवले.

उलट उदाहरणही आहे, ते मी लपवणार नाही. किडसारखाच ओकलंडचा असलेला गॅरी पेटन 2003 मध्ये लॉस एंजेलिस लेकर्स संघाकडे गेला. तिथले प्रशिक्षक फिल जॅक्सन यांच्या ट्रँगल पद्धतीत पॉइंट गार्ड चेंडू फार वेळ धरत नाही. पेटन त्यात शेवटपर्यंत अवघडलेलाच दिसला आणि लेकर्स अंतिम फेरीत डेट्रॉइटकडून 4-1 असे हरले. पण तोच पेटन 2006 मध्ये, 37 व्या वर्षी, मायामीत राखीव खेळाडू म्हणून थोडा वेळ खेळायला तयार झाला. त्या अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यात शेवटच्या दहा सेकंदांच्या आत आघाडी देणारा शॉट त्याचाच होता, आणि तोही आमच्या डॅलसविरुद्ध.

मी इथे शनिवारी मुलींना बास्केटबॉल शिकवते. वयाने मोठी गार्ड आली की मी तिचे धावणे मोजत नाही. चेंडू हातात नसताना ती कुठे उभी राहते ते पाहते आणि चाल ठरवायचा अधिकार तिला देते. आपल्या लेखकांनी फक्त पायांचा हिशेब मांडला. प्रशिक्षकाने त्या खेळाडूला काय दिले याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. त्यांनी या विषयावर पुन्हा जरूर लिहावे, पण त्याआधी ओक्लाहोमाविरुद्धचा तो सामना शेवटच्या पाच मिनिटांपासून पाहावा, ही माझी विनंती.

आपली,
एक वाचक, आयर्विंग (टेक्सास)