जत्ती राष्ट्रपती कधी झाले, मंत्रिमहोदय?

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका भरती परीक्षेची अंतिम उत्तरतालिका लागली आणि मी अर्ध्या गुणाने यादीबाहेर राहिलो. राष्ट्रपतींचे पदावर असताना निधन झाल्यास उपराष्ट्रपती काय करतात, असा प्रश्न होता. ‘नवे राष्ट्रपती निवडून येईपर्यंत काम पाहतात’ या पर्यायाचा गोल मी काळा केला. तालिकेत बरोबर उत्तर आहे ‘उर्वरित मुदतीसाठी राष्ट्रपती होतात’. शुल्क भरून हरकत घेतली, सोबत राज्यघटनेच्या ६२ व ६५ या अनुच्छेदांची पाने जोडली, तर ‘तज्ज्ञांचे मत अंतिम’ एवढीच ओळ हाती आली. प्रत्येक हरकतीला कारणासह उत्तर मिळेल, असे आपणच जाहीर केले होते, म्हणून हे पत्र आपल्याला.

तज्ज्ञांचे उत्तर अगदीच चूक आहे असे म्हणवत नाही. ते अमेरिकेचे आहे, इतकेच. तिथे १८४१ मध्ये अध्यक्ष हॅरिसन महिनाभरातच वारले, तेव्हा उपाध्यक्ष टायलर यांनी आपण हंगामी नसून पुरते अध्यक्ष आहोत असा हट्ट धरला आणि ‘हंगामी अध्यक्ष’ असा पत्ता घातलेली पत्रे न फोडता परत पाठवली. त्यांनी पाडलेला पायंडा १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने पक्का झाला. १९४५ मध्ये रूझवेल्ट गेले, तेव्हा ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते. तरी पावणेचार वर्षांची उरलेली मुदत त्यांच्या पदरात पडली.

आपल्याकडे तसे नाही. झाकीर हुसेन ३ मे १९६९ रोजी गेले आणि व्ही. व्ही. गिरी कारभार पाहू लागले. तज्ज्ञांचे खरे मानले, तर १९७२ पर्यंत ती खुर्ची गिरींचीच होती. मग २० जुलैला राजीनामा देऊन निवडणूक लढवण्याचा खटाटोप त्यांनी कशाला केला? मधले पाच आठवडे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतिपद सांभाळले, तेही त्याच मे महिन्यात झालेल्या कायद्याच्या आधारे. पुढे १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले आणि एकेकाळी मुंबई राज्यात उपमंत्री असलेल्या जमखंडीच्या बी. डी. जत्ती यांनी ११ फेब्रुवारी ते २५ जुलै हा भार वाहिला. त्यांनी मोरारजींना शपथ दिली, नऊ विधानसभांच्या बरखास्तीच्या कागदावर सही करताना खळखळही केली, म्हणजे अधिकार पुरेपूर होते. पण अहमद पाचवे राष्ट्रपती आणि संजीव रेड्डी सहावे. मध्ये जत्तींचा क्रमांक कुठे आहे, हे आपल्या तज्ज्ञांनी मला बोटाने दाखवावे.

मी एकतीस वर्षांचा आहे. सहा वर्षे अभ्यासिकेतल्या खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसतो, दुपारच्या डब्यातली एक पोळी रात्रीसाठी राखून ठेवतो. फॉर्म, खानावळ, खोलीचे भाडे धरून वडिलांचे तीन-चार लाख तरी गेले असतील. नेमका हिशेब मांडायची हिंमत होत नाही. निकालाच्या रात्री त्यांचा फोन आला, “यादीत नाव कुठं हाय रं?” उपराष्ट्रपतींमुळे राहिले, असे त्यांना कसे सांगायचे?

राष्ट्रपतिपद रिकामे झाले, तर ते सहा महिन्यांत निवडणुकीने भरण्याचे बंधन घटनेने घातले आहे. मी ज्या पदासाठी झिजतो आहे, तसल्या पदांना मात्र कोणतीच मुदत नाही. आमच्या तालुक्यात निम्म्या खुर्च्यांवर तरी ‘अतिरिक्त कार्यभार’वाले बसत असावेत आणि सही मागायला गेले की ते मूळ खुर्चीवर गेलेले असतात. टायलरसाहेबांना ‘हंगामी’ शब्दाचा एवढा राग होता. इथे अख्खे सरकारच हंगामी चालते आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही. उत्तरतालिका तेवढी अंतिम असते.

माझा अर्धा गुण परत मिळेल, ही आशा मी सोडली आहे. पुढच्या महिन्यात दुसरी परीक्षा आहे. तिथे हाच प्रश्न आला, तर घटनेतला गोल काळा करायचा की तज्ज्ञांचा, एवढे अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी कळवावे.

आपला,
यादीबाहेरचा एक उमेदवार