पुनर्विकासात भाडेकरूचं काय?

मा. संपादक,

जुन्या चाळींच्या पुनर्विकासावरची पत्रं आपल्या अंकात वाचतो, म्हणून इथला एक प्रकार कळवतो. एल पासो हे टेक्सासच्या टोकाचं शहर. रिओ ग्रांदे ओलांडली की मेक्सिकोतलं हुआरेस. पुलाजवळच्या जुन्या वस्त्यांत मेक्सिकन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या भाड्यानं राहतात. २००६ मध्ये उद्योजकांच्या एका गटानं डाउनटाउनचा आराखडा आणला, तेव्हाच त्यांतल्या सेगुंदो बारिओ या वस्तीतले रहिवासी सक्तीच्या संपादनाच्या भीतीनं रस्त्यावर उतरले होते.

पुढची पाळी शेजारच्या दुरांगितो वस्तीची. २०१२ मध्ये मतदारांनी 'बहुउद्देशीय कला व मनोरंजन केंद्रा'साठी १८ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. मतपत्रिकेवर दुरांगितोचं नाव नव्हतं, आणि हे केंद्र म्हणजे क्रीडा संकुलही असेल, असा उल्लेखही नव्हता. २०१६ मध्ये नगरपरिषदेनं हीच जागा निवडली. खासगी विकासासाठी सक्तीनं जमीन घेण्यावर टेक्सासनं २००९ मध्ये राज्यघटनेतच बंधन घातलं आहे. पण केंद्र शहराच्या मालकीचं म्हटल्यावर ते बंधन आड येत नाही. मालकांनी घरं विकली. भाडेकरूंच्या हाती स्थलांतराचे पैसे आले आणि बहुतेकांनी बिऱ्हाडं हलवली. सप्टेंबर २०१७ मध्ये, पाडकाम थांबवण्याचा न्यायालयाचा आदेश असताना, भल्या सकाळी यंत्रं आली आणि काही इमारतींच्या भिंतींना भगदाडं पाडून गेली. त्या तशाच, तारेच्या कुंपणाआड, वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या. २०२३ च्या जानेवारीत नगरपरिषदेनं ही जागा सोडून दिली. वारसाप्रेमी कोर्टात चिवटपणे लढले, त्यांचं कौतुकच आहे. पण इमारती वाचल्या तेव्हा त्यांत राहायला होतं कोण?

मुंबईत उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीतल्या भाडेकरूची संमती लागते आणि त्याला मालकीचं घर मिळतं, निदान कागदावर तरी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त सातबाऱ्यावरचं नाव नव्हे. इथल्या मित्रांना हे सांगितलं की ते चकित होतात. आपल्याकडे विकासक तात्पुरत्या घराचं भाडं थकवतो आणि माणसं संक्रमण शिबिरात म्हातारी होतात, हे मात्र सांगताना जीभ अडखळते.

तेव्हा विनंती एवढीच. भूमिपूजनाचे फोटो छापताना आपल्या वार्ताहरांनी दोन गोष्टी विचाराव्यात: भाडेकरूंशी केलेला पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत आहे का, आणि किती महिन्यांचं भाडं आगाऊ जमा केलं आहे?

आपला,
एक वाचक, एल पासो (टेक्सास)